रायडिंग पँटमध्ये खुब्याचे पॅड घालावेत का?

यवतेश्वर_वळण (सातारा)

नमस्कार मंडळी,

हेल्मेट, जॅकेट आणि हातमोजे यांवर इथे भरपूर लिहिले गेले आहे, पण पँटविषयी आणि त्यातही पडल्यावर मार झेलणाऱ्या खुब्यावरच्या पॅडविषयी सलग असे काही वाचायला मिळत नाही. म्हणून हा वेगळा धागा काढत आहे.

नोकरीसाठी मी साताऱ्याहून कराडला महामार्गाने मोटारसायकलवर ये-जा करतो. एका बाजूचे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. सुट्टीच्या दिवशी कास, बामणोली, ठोसेघर किंवा केळघर घाटाने महाबळेश्वर अशी भटकंती असते. नुकतीच चांगल्यापैकी रायडिंग पँट घेतली. गुडघ्यांचे पॅड तिच्यासोबतच आले. खुब्याच्या जागी मात्र अस्तराला जाळीचे दोन रिकामे खिसे शिवलेले आहेत. दुकानात विचारले तेव्हा "ते कोणी घालत नाही, तुम्हीही सोडून द्या" असे उत्तर मिळाले. आमच्या गटातल्या दोघातिघांचेही म्हणणे तेच आहे. एवढ्यावर माझे समाधान झाले नाही, म्हणून थोडे वाचले.

मोटारसायकलच्या कपड्यांसाठी ईएन १७०९२ हे युरोपीय मानक २०२० पासून वापरात आहे. त्यात एएए (सर्वांत जास्त संरक्षणाचा), एए, ए, बी आणि सी असे वर्ग आहेत. एएए आणि एए या वर्गांच्या पँटमध्ये गुडघा आणि खुबा अशा दोन्ही ठिकाणी पॅड असावेच लागतात. ए वर्गाच्या पँटमध्ये गुडघ्याचे पॅड अनिवार्य आहेत, पण खुब्याचे ऐच्छिक आहेत. बी वर्गाचा कपडा घासण्यापासून बचाव करतो, त्यात पॅड नसतात. माझ्या पँटच्या आतल्या पट्टीवर ए वर्ग छापलेला आहे, त्यामुळे रिकामा खिसा हा फसवणुकीचा प्रकार नाही, हे कळले. प्रश्न मात्र तसाच राहिला: मानक ज्याला ऐच्छिक म्हणते, ते आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या उन्हाळ्यात घ्यावे की नाही?

ज्यांनी हे पॅड प्रत्यक्ष वापरले आहेत, ज्यांनी वापरून काढून टाकले आहेत आणि ज्यांना या विषयातले वैद्यकीय किंवा तांत्रिक ज्ञान आहे, अशा सर्वांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

कृष्णाकाठ (सांगली)

मी काढून टाकणाऱ्यांपैकी आहे, म्हणून माझी बाजू आधी मांडतो.

माझ्या पँटसोबत खुब्याचे पॅड आले होते. पँट उन्हाळ्याची, जाळीची आणि ऐसपैस होती. गाडीवर बसले की उजव्या बाजूचा पॅड मागे सरकून नितंबावर यायचा आणि डाव्या बाजूचा वर कंबरपट्ट्याखाली जाऊन टोचत राहायचा. सांगलीहून तासगाव, विटा असे दिवसभर हिंडून घरी आल्यावर दोन्ही बाजूंना वळ उठलेले असायचे. जो पॅड हाडावर राहतच नाही, तो पडल्यावर तरी काय कामाचा, असा विचार करून मी ते काढून ठेवले.

दुसरा मुद्दा पैशांच्या क्रमाचा आहे. आमच्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्याचे रूपच बदलते. ट्रॉलीतून सांडलेला ऊस चाकांखाली चिरडून डांबरावर त्याचा चिकट थर बसतो. वळणावर अचानक वाडे, म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला, पडलेले असते, आणि रात्री पुढच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच याची खात्री नसते. अशा रस्त्यावर ओळखीतली जी माणसे पडलेली मी पाहिली, त्यांचे तळहात सोलवटले, गुडघे फुटले आणि घोटे मोडले. गाडी अंगावर पडली की घोटाच तिच्याखाली सापडतो. म्हणून मी नव्या माणसाला सांगतो की हेल्मेटनंतर आधी बूट आणि हातमोजे घ्यावेत, मग जॅकेट आणि गुडघे, आणि त्यानंतर काही उरले तर खुब्याचा विचार करावा. सातशे रुपयांच्या चपलेवर गाडी चालवायची आणि खुब्याला परदेशी पॅड शोधत बसायचे, याला अर्थ नाही.

---

न्यूटनमीटर (कराड)

कृष्णाकाठ यांचा क्रम मला मान्य आहे. पण धागाकर्त्यांनी पँट घेतलेली आहे आणि तिला खिसाही आहे, त्यामुळे त्यांच्यापुढचा प्रश्न फक्त पॅडच्या जोडीपुरता उरतो. त्या दृष्टीने थोडे मोजमाप मांडतो.

बरेच जण म्हणतात की ताशी ८० किलोमीटरच्या वेगात एवढासा फोम काय करणार. या म्हणण्यात दोन वेग एकमेकांत मिसळले जातात. गाडी घसरून माणूस बाजूला पडतो तेव्हा त्याचा पुढे जाण्याचा वेग आणि जमिनीवर आदळण्याचा वेग हे वेगवेगळे असतात. आसनाची उंची साधारण ८० सेंटिमीटर धरली, तर तेवढ्यावरून खाली येणारे शरीर जमिनीला सुमारे ताशी १४ किलोमीटर वेगाने टेकते. गाडी उभी असो की ८० च्या वेगात असो, या आकड्यात फारसा फरक पडत नाही. वळणात गाडी आधीच कललेली असेल तर तो आणखी कमी होतो. पुढे जाण्याचा वेग त्यानंतर घसरत जाण्यात खर्च होतो आणि तो कापडाने सोसायचा असतो. आदळणे पॅडने सोसायचे असते. गाडीने उसळी मारून माणसाला वर फेकले आणि तो दोन मीटरवरून खाली आला, तर आदळण्याचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या पुढे जातो. वाटेत मैलाचा दगड, कठडा किंवा विजेचा खांब आला तर मात्र सगळा पुढचा वेग एका ठिकाणी येऊन थांबतो, आणि तिथे कुठल्याही पॅडकडून अपेक्षा ठेवू नये.

आता चाचणी पाहू. खांदा, कोपर, खुबा आणि गुडघा यांच्या पॅडसाठी ईएन १६२१-१ हे मानक आहे. त्यात ५ किलो वजनाचा ठोकळा सुमारे एक मीटरवरून, म्हणजे ५० ज्यूल ऊर्जेने, पॅडवर सोडतात आणि पॅडखालच्या पोलादी ऐरणीपर्यंत किती बल पोहोचले ते मोजतात. ठोकळा पॅडला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. तो आसनावरून पडण्याच्या वेगाशी किती जवळ आहे, हे लक्षात येईल. लेव्हल १ साठी पोहोचलेल्या बलाची सरासरी ३५ किलोन्यूटनपेक्षा जास्त असता कामा नये आणि लेव्हल २ साठी ती २० किलोन्यूटनपेक्षा जास्त असता कामा नये. एखाद्या ठोक्याला अनुक्रमे ५० आणि ३० किलोन्यूटनपर्यंत सूट आहे.

या आकड्यांमुळे उगीच निर्धास्त होऊ नये, असे मला मनापासून वाटते. ३५ किलोन्यूटन म्हणजे साडेतीन टन वजनाइतके बल आहे. पाठीच्या पॅडसाठी, म्हणजे ईएन १६२१-२ मध्ये, तेवढ्याच ५० ज्यूलला सरासरी १८ आणि ९ किलोन्यूटन एवढीच मर्यादा आहे. शिवाय पडणाऱ्या धडाचे वजन ५ किलोपेक्षा कितीतरी जास्त असते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर शरीर म्हणजे पोलादी ऐरण नव्हे. मांस दबते, सांधे वळतात, आणि बल जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरते. त्यामुळे ऐरणीवरचा आकडा तसाच्या तसा हाडाला लावता येत नाही, पण दोन पॅडची तुलना करायला तो पक्का आधार आहे. खुब्याच्या बाबतीत लेव्हल २ मिळत असेल आणि बसत असेल, तर लेव्हल १ घेण्याचे कारण मला दिसत नाही.

विकत घेताना पॅड हातात घेऊन उलटा करावा. त्यावर मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र, मानकाचा क्रमांक, लेव्हलचा आकडा आणि खुब्यासाठीचे एच हे अक्षर उमटवलेले असते. सोबत ए किंवा बी असा आकाराचा प्रकारही असतो (पँटच्या ए, बी वर्गांशी याचा संबंध नाही). त्यात ए म्हणजे कमी जागा झाकणारा आणि बी म्हणजे जास्त झाकणारा. यातले काहीच नसेल, तर तो पोकळी भरायला घातलेला साधा फोम आहे असे समजावे. अनेक स्वस्त पँटमध्ये खुब्याला असाच फोम असतो आणि जाहिरातीत त्यालाच संरक्षण म्हटलेले असते, याचा मला संताप येतो. गिऱ्हाईक विश्वासाने पैसे मोजते.

---

अस्थिमित्र (मिरज)

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. मिरजेत आजूबाजूच्या तालुक्यांतून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही अपघाताचे रुग्ण येतात. खुब्याच्या दुखापती तीन वेगवेगळ्या वाटांनी होतात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पॅड उपयोगी की निरुपयोगी हा वाद सुटणार नाही.

पहिली वाट थेट बाजूवर पडण्याची आहे. मांडीच्या हाडाला वरच्या टोकाशी बाहेरच्या बाजूला एक उंचवटा असतो, त्याला ग्रेटर ट्रोकॅन्टर म्हणतात. त्याच्यावर स्नायूंचे जाड आवरण नसते. बाजूवर पडले की पहिला मार त्यालाच लागतो. मुका मार, रक्त साकळणे आणि महिनोन्‌महिने त्या कुशीवर झोपता न येणे, हे प्रकार आम्ही नेहमी पाहतो. याहून वाईट एक प्रकार आहे, आणि तो घरच्यांच्या लक्षात येत नाही. रस्त्यावर घासत जाताना कातडी आणि तिच्याखालची चरबी आतल्या स्नायूच्या आवरणापासून सुटते आणि मधल्या पोकळीत रक्त व द्रव साठतो. मोरेल-लावाले या नावाने तो ओळखला जातो, आणि त्याची सर्वाधिक आढळणारी जागा हीच आहे. वरून कातडी शाबूत दिसते, म्हणून माणूस शेकत बसतो. बाजूवर पडल्यानंतर काही दिवसांनी तिथे पाणी भरल्यासारखी मऊ सूज आली, तर तेल चोळण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी वाट म्हणजे त्याच पडण्यातून मांडीच्या हाडाची मान (वरच्या गोळ्याखालचा अरुंद भाग) किंवा तिच्याखालचा भाग मोडणे. तरुण हाड चिवट असते आणि वयानुसार ते कमजोर होत जाते. उंचवट्यावर मांसाची गादी किती आहे यावरही बरेच अवलंबून असते, त्यामुळे सडपातळ माणसाला पॅडची गरज जास्त असते.

तिसऱ्या वाटेला पॅडचा काहीही उपयोग नाही. समोरून धडक बसते, गुडघा गाडीच्या दारावर किंवा बंपरवर आदळतो आणि ते बल मांडीच्या हाडातून थेट सांध्यात जाते. मग खुबा मागच्या बाजूला निखळतो किंवा त्याची वाटी फुटते. तसेच धक्क्याने माणूस पुढे सरकून पेट्रोलच्या टाकीवर आदळला, तर ओटीपोटाच्या हाडांचे कडे पुढून उघडते. ही दुखापत जिवावर बेतणारी असते, कारण आत फार रक्तस्राव होतो. बाजूला लावलेला पॅड या बलाच्या वाटेत येतच नाही.

पुराव्याविषयी थोडे लिहितो. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा परिसरात अपघात झालेल्या २१२ स्वारांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात मोटारसायकलची खास पँट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता साधी पँट घातलेल्यांच्या तुलनेत सुमारे निम्मी आढळली. पँटमध्ये पॅड बसवलेले असतील तर पायांच्या दुखापतीची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी होती. त्याच अभ्यासात पॅड आणि अस्थिभंग यांचा मात्र काही संबंध आढळला नाही, आणि चारातल्या एकाहून थोड्या जास्त पँट अपघातात निकामी ठरल्या. हा अभ्यास एकट्या खुब्याचा नाही, हे ध्यानात ठेवावे. रुग्ण पाहताना जे दिसते त्याच्याशी मला तो जुळता वाटतो: पॅडमुळे कातडी, मांस आणि सांध्याभोवतीचा भाग वाचतो, पण मोठ्या अपघातात हाड वाचेलच असे म्हणता येत नाही.

तरीही माझे मत पॅड घालण्याच्या बाजूचे आहे. मुका मार हा शब्द ऐकायला साधा वाटतो, पण हातावर पोट असलेल्या माणसाला सहा आठवडे लंगडत काढणे परवडत नाही.

---

सह्यस्वार (वाई)

मी वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला रोज जाते, आणि बाईच्या अंगाने या विषयात जी अडचण येते ती कोणी लिहिलेली नाही, म्हणून लिहिते.

पुरुषांच्या मापावर बेतलेली पँट कंबरेत बसवली की खुब्यावर ताणते, आणि खुब्यावर बसवली की कंबरेत सुटते. कंबरेत सुटली की सगळी पँट खाली उतरते आणि पॅड उंचवट्याच्या खाली मांडीवर येतात. स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पँटमध्येही खिसा पुरुषांच्याच जागी शिवलेला मला दिसला आहे. म्हणून मी लेबल पाहायच्या आधी जागा पाहते.

जागा शोधण्याची रीत मला माझ्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने शिकवली. सरळ उभे राहावे, तळहात मांडीच्या वरच्या टोकाशी बाहेरून ठेवावा आणि टाच न उचलता चवडा आत-बाहेर फिरवावा. तळहाताखाली एक हाड गोल फिरताना स्पष्ट लागते. तोच तो उंचवटा. बहुतेक जण कंबरेच्या वरच्या कडेला, म्हणजे पट्टा बांधतो तिथल्या हाडाला, खुबा समजतात. खरी जागा त्याच्या बरीच खाली असते. पँट घालून त्या जागेवर खडूने खूण करावी, मग गाडीवर नेहमीच्या बैठकीत बसावे आणि दुसऱ्या कोणालातरी बाहेरून पॅडच्या कडा चाचपडायला सांगाव्यात. खूण पॅडच्या मध्याजवळ आली पाहिजे. त्यानंतर कापडासकट पॅड चिमटीत धरून पुढे-मागे ढकलून पाहावा. तो सहज सरकत असेल, तर पडल्यावर पहिल्याच घासण्यात तो जागा सोडेल.

उभे राहून तपासून उपयोग नाही. बसले की गुडघे वाकतात, कापड पुढे ओढले जाते आणि पॅडची जागा बदलते. दुकानात गाडी नसते, पण स्टुलावर पाय फाकवून बसता येते. तसे बसायला लाज वाटू देऊ नये.

माझ्या बाबतीत शेवटी पँटमधले पॅड काढून आतून घालायची घट्ट पॅडवाली शॉर्ट्स घेतली, आणि तिच्यातले पॅड एच खूण असलेले आहेत याची खात्री करून घेतली. ती अंगाला चिकटून राहते, त्यामुळे पॅड हलत नाहीत, आणि वरून कोणतीही पँट चालते. स्केटिंग आणि सायकलिंगसाठी दिसायला अशाच शॉर्ट्स मिळतात, पण त्यांतला फोम बहुधा या मानकाचा नसतो. माकडहाडाला जो पॅड लावलेला असतो त्यावर एच खूण शोधू नये, कारण हातापायांच्या पॅडच्या मानकात, म्हणजे ईएन १६२१-१ मध्ये, माकडहाड येतच नाही.

---

रेक्झिनवाला (सातारा)

माझे सीट कव्हर, बॅगा आणि तंबूच्या शिवणकामाचे दुकान आहे. हल्ली रायडिंग पँटचे खिसे सरकवून घ्यायला लोक येतात, म्हणून सांगतो. खिसा नेहमी अस्तरालाच शिवून घ्या. बाहेरच्या जाड कापडातून सुई आरपार काढू देऊ नका. घासताना त्या टाक्यांचा दोरा आधी झिजतो, आणि जलरोधक थर असेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत येते. साधा सुती दोरा वापरू नये, बॉण्डेड नायलॉनचा वापरावा. खिसा पॅडच्या मापाचाच ठेवावा. तोंडाला वेल्क्रो लावला तर धुताना पॅड काढता येतो.

---

पेठनाका (वाळवा)

उन्हाळ्याचा प्रश्न राहून गेला आहे. चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि भर दुपारी डांबरावर त्याहून जास्त तापते. आजचे बरेच पॅड लवचीक फोमचे असतात. ते हाताने दाबले तर मऊ लागतात आणि ठोका बसला की घट्ट होतात. थंडीत असा फोम कडक होतो, उन्हात नरम पडतो आणि त्याबरोबर त्याची शोषण्याची ताकदही बदलते. याच कारणाने पॅडच्या मानकात ४० अंश आणि उणे १० अंश तापमानाच्या वेगळ्या ऐच्छिक चाचण्या आहेत. त्या उत्तीर्ण झालेल्या पॅडवर टी अक्षरापुढे अधिक किंवा उणे चिन्ह असते. आपल्याला टी अधिकची खूण असलेला पॅड पाहायला हवा. उणे १० अंश आपल्याकडे कधीच होत नाही.

घामाबद्दल सांगायचे तर छिद्रे असलेला पॅड घ्यावा, कारण त्यातून थोडी तरी हवा खेळते. खुब्यापाशी तसाही वारा कमीच लागतो, त्यामुळे पॅड काढल्याने फार गारवा मिळतो असा माझा अनुभव नाही. गरम होते ते मुख्यतः कापडाने.

---

कृष्णाकाठ (सांगली)

सह्यस्वार यांचे विशेष आभार. त्यांनी सांगितल्याप्रमाणे उंचवटा शोधून माझी जुनी पँट तपासली. ती माझ्या मापापेक्षा मोठी आहे, आणि खिसे उंचवट्याच्या चार बोटे वर आहेत. त्या पँटमध्ये तो पॅड कधीच काम करू शकला नसता, त्यामुळे तो काढण्याबद्दल माझे मत आजही तेच आहे. अंगाबरोबर बसणारी पँट असेल तर पॅडला माझा विरोध नाही.

मात्र क्रमाचा आग्रह मी सोडणार नाही. अस्थिमित्र यांनी जो अभ्यास सांगितला त्यातही निम्म्यावर आलेला धोका हा पँट घातल्याचा परिणाम आहे. ज्याच्याकडे मुळात पँटच नाही आणि जो साध्या जीन्सवर महामार्गाला लागतो, त्याने आधी कापड पाहावे. धागाकर्त्यांनाही एक विचारतो: ए वर्गाची पँट रोजच्या महामार्गाला पुरेशी आहे का?

---

न्यूटनमीटर (कराड)

हा प्रश्न विचारायलाच हवा होता. ईएन १७०९२ मध्ये कापड फिरत्या यंत्राला लावून काँक्रीटवर सोडतात आणि ते थांबेपर्यंत भोक पडते का ते पाहतात. खुबा, नितंब आणि गुडघा यांचा भाग सर्वांत धोक्याचा मानलेला आहे. त्या भागाची चाचणी ए वर्गाला ताशी सुमारे ४५ किलोमीटरच्या, एए वर्गाला ७० च्या आणि एएए वर्गाला १२० च्या वेगाने होते. धागाकर्ते सातारा-कराड अंतर ४५ च्या वेगाने कापत नसणार. शहरात आणि कासच्या रस्त्याला ए वर्ग ठीक आहे. महामार्गासाठी पुढची पँट एए घ्यावी, म्हणजे खुब्याचा पॅड तिच्यासोबतच येईल आणि हा प्रश्न वेगळा उरणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी पॅडपेक्षाही स्वस्त आहे. पँटचा हात घालायचा खिसा बऱ्याचदा खुब्याच्या पॅडवरच येतो. त्यात गाडीची किंवा घराची किल्ली, सुटी नाणी आणि मोबाइल ठेवून गाडी चालवू नये. पडल्यावर सगळे वजन त्या एका टोकदार वस्तूवर येते. किल्ल्या जॅकेटच्या छातीवरच्या खिशात नकोत आणि पँटच्या बाजूच्या खिशातही नकोत. टँक बॅगेत (पेट्रोलच्या टाकीवर लावायच्या पिशवीत) किंवा मागच्या पिशवीत ठेवाव्यात.

---

यवतेश्वर_वळण (सातारा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढ्या तपशिलाने उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते.

मी उंचवट्यावर खूण करून गाडीवर बसून पाहिले. उभे असताना खिसा बरोबर होता, बसल्यावर तो दोन बोटे मागे जात होता. रेक्झिनवाला यांनी लिहिल्याप्रमाणे राजवाड्याजवळच्या एका कारागिराकडून दोन्ही खिसे पुढे सरकवून घेतले आणि अस्तरालाच शिवून घेतले. बाहेरच्या कापडाला एकही टाका पडलेला नाही, हे मी उलटे करून पाहिले. एच खूण असलेले लेव्हल २ चे, बी आकाराचे पॅड घेतले आहेत. आकाराने मोठे असल्यामुळे बाहेरून थोडे फुगीर दिसतात, पण कार्यालयात पोहोचल्यावर मी पँट बदलतोच, त्यामुळे मला त्याचे काही नाही. लिंब खिंडीपर्यंत जाऊन आलो. पहिले काही किलोमीटर जाणवले, नंतर विसरून गेलो. खालच्या कडेपाशी शिवण जरा जाड झाली आहे, ती पुन्हा नीट करून घेणार आहे. एए वर्गाच्या पँटसाठी पैसे साठवायला घेतले आहेत.

जाता जाता अस्थिमित्र यांना एक प्रश्न. माझे वडील साठी ओलांडलेले आहेत आणि पोवई नाका ते राजवाडा असे स्कूटरवर रोज फिरतात. वेग कमीच असतो, पण थांबताना पाय नीट न टेकल्यामुळे स्कूटर कलंडल्याचे प्रसंग घडले आहेत. ते रायडिंग पँट घालणार नाहीत. त्यांना आतून घालायची पॅडवाली शॉर्ट्स द्यावी का?

---

अस्थिमित्र (मिरज)

द्यावी, पण ते ती रोज घालतील का हे आधी त्यांनाच विचारावे.

वृद्धांच्या खुब्यावरच्या पॅडचा अभ्यास मोटारसायकलच्या पॅडपेक्षा पुष्कळ झालेला आहे. २०१४ साली अद्ययावत झालेल्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, असे दिसते की वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी, जिथे काळजी घेणारी माणसे पॅड घालून देतात, तिथे खुब्याचे अस्थिभंग बहुधा थोडे कमी होतात. स्वतःच्या घरी राहणाऱ्या वृद्धांमध्ये मात्र फारसा फरक दिसला नाही. लोक पॅड घालणे सोडून देतात, ही त्यातली मोठी अडचण आहे. हे अभ्यास चालताना पडण्याचे आहेत, स्कूटरचे नाहीत. तरी उभ्या स्कूटरवरून कलंडणे हे चालताना बाजूवर पडण्याच्या बरेच जवळचे आहे, आणि या वयात मांडीच्या हाडाची मान तेवढ्याने मोडू शकते.

वडिलांसाठी पातळ, छिद्रांचा, एच खुणेचा पॅड असलेली शॉर्ट्स घ्यावी आणि ती पायजम्याखाली किंवा सैल पँटखाली दिसत नाही हे त्यांना दाखवावे. त्यासोबत हाडांची घनता एकदा तपासून घ्यावी आणि ड जीवनसत्त्वही पाहावे. स्कूटरच्या आसनाची उंचीही पाहावी. दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकत नसतील, तर आसनाचा फोम कमी करून घ्यावा. ते काम रेक्झिनवाला यांच्याकडेच होईल.